घरच्या अंगणातली नाव



सोलापूर जिल्हा म्हटला की डोळ्यांपुढे काय उभे राहते? ज्वारीची शिवारे, चादरी विणणारे माग, सिद्धेश्वराची यात्रा, आणि आभाळाकडे डोळे लावून बसलेला शेतकरी. अशा जिल्ह्याच्या इतिहासात लाकडी नावेला ती काय जागा, असे कुणी सहज विचारील. नावा असायच्या त्या कोकणात. इथे प्यायला पाणी मिळताना मारामार, तिथे नाव कसली घेऊन बसलात?

पण मंडळी, ज्या जिल्ह्यातून भीमेसारखी नदी वाहते, त्या जिल्ह्याला नावेवाचून गत नव्हती. आज आपण त्या नावेची हकीकत पाहणार आहोत. ती मोठी गलबतासारखी नाही, तिला शीड नाही, की खाली उलट्या पाठीच्या कण्यासारखा नाळेपासून वऱ्हामापर्यंत गेलेला वासा नाही. तळ परातीसारखा सपाट, बाजूंना दोन फळ्यांची भिंत, पुढे-मागे किंचित निमुळती. गावच्या सुताराला हाताशी धरून घरच्या अंगणात करता येईल, अशी ही नाव. अशा साध्या वस्तूचाही इतिहास असतो, आणि तो कधी कधी माणसांच्या जिवाशी येऊन भिडतो.

आधी नदीचा स्वभाव ध्यानात घेऊ, कारण नाव नदीच्या स्वभावावर बेतलेली असते. भीमा भीमाशंकराच्या डोंगरात उगम पावते आणि ८६१ किलोमीटर वाहून रायचूरजवळ कृष्णेला मिळते. वाटेत नरसिंगपूरला तिला नीरा भेटते. पुढे दक्षिण सोलापूर तालुक्यात हत्तरसंग-कुडल येथे सीना मिळते. याच कुडलच्या संगमावर संगमेश्वराच्या देवळात शके ९४०चा, म्हणजे इसवी सन १०१८चा मराठी शिलालेख आहे. हजार वर्षांपूर्वीही त्या काठावर वस्ती होती, देवळे होती, ये-जा होती, याची ती दगडावरची खूण.

ही नदी पठारावरची. धरणे होण्यापूर्वी उन्हाळ्यात ती गुडघाभर, घोटाभर व्हायची. पात्रात वाळूची बेटे, मधेच खडकाचे सुळके, मधेच डोह. आणि घाटमाथ्यावर पाऊस कोसळला की तीच नदी दोन्ही थड्या भरून वाहू लागायची. इथे एक थेंब पडलेला नसावा आणि नदीला मात्र पूर! औरंगजेब बादशहाची छावणी १६९५ ते १६९९ या काळात मंगळवेढ्याजवळ, माचणूरच्या शेजारी ब्रह्मपुरीला होती. हिंदुस्थानातली मोठ्यात मोठी फौज ती. पण भीमेला पूर आला तेव्हा त्या छावणीतली माणसे नि जनावरे वाहून गेली. नदीपुढे बादशाही चालली नाही.

मग अशी नदी लोक ओलांडीत कशी? उन्हाळ्यात उताराने. ‘उतार’ म्हणजे पात्रातली उथळ, तळ टणक असलेली जागा. बैलगाड्यासुद्धा तिथून पार व्हायच्या. पावसाळ्यात मात्र दुसरी सोय पाहावी लागे. कुणी वाळलेले भोपळे एकत्र बांधून सांगड करी. कुणी लाकडाचे ओंडके बांधून तराफा करी. ऊसवाल्या गावांत गूळ करायची काहील पाण्यात सोडून माणसे पलीकडे नेली जात. नदीकाठच्या खेड्यांत ही काहील अजूनही अडीअडचणीला पाण्यात उतरते, हे पुष्कळांना ठाऊक असेल.

दक्षिणेकडे टोपलीसारख्या गोल नावेची चाल होती. डोमिंगो पेस नावाचा पोर्तुगीज प्रवासी १५२०च्या सुमारास विजयनगरला आला. तुंगभद्रेवरच्या गोल नावा त्याने वर्णिल्या आहेत. आत वेताचा सांगाडा, बाहेरून कातडे, आणि एका नावेत पंधरा-वीस माणसे. पाण्यात ती गरगरा फिरते, सरळ जात नाही, पण बुडत नाही, असा तिचा लौकिक.

या टोपल्यांनी आपल्या इतिहासातही एक मोठी कामगिरी केली, आणि दुर्दैवाने ती आपल्या विरुद्ध केली. एप्रिल १८०३ मध्ये इंग्रजांचा सेनापती आर्थर वेलस्ली याच जिल्ह्यात अकलूजपर्यंत आला आणि तिथून तातडीने पुण्यावर गेला. पावसाळा तोंडावर होता. मराठ्यांचे बळ घोडदळात, आणि भरलेल्या नद्या म्हणजे घोडदळाच्या पायातल्या बेड्या. वेलस्लीने हे हेरले. त्याने कातड्याने मढवलेल्या टोपलीवजा नावांची तजवीज केली, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अहमदनगर घेतल्यावर अशाच नावांतून गोदावरी ओलांडली. पुढे सप्टेंबरमध्ये असईची लढाई झाली. उलट दुसऱ्या वर्षी, १८०४ मध्ये, कर्नल मॉन्सन यशवंतराव होळकरांपुढून माघार घेत निघाला तेव्हा नद्यांना पूर होते नि त्याच्यापाशी नावा नव्हत्या. त्याच्या फौजेची पार वाताहत झाली. तोफा, बंदुका, शौर्य यांच्या गोष्टी आपण मुलांना सांगतो. नावांची गोष्टही सांगायला हवी, नाही का?

आता वळू लाकडी नावेकडे. तिचा तळ सपाट का? पाण्यात बुडणाऱ्या कण्याची नाव समुद्रात उपयोगी, कारण ती लाट कापते आणि वाऱ्याने आडवी सरकत नाही. पण गुडघाभर पाण्यात तिचा कणा वाळूत रुतून बसायचा. भीमेसारख्या नदीला हवी ती थोड्या पाण्यावर तरंगणारी, वाळूवर अलगद टेकणारी, चार माणसांनी उचलून काठावर ठेवता येणारी नाव. काश्मीरचा शिकारा घ्या किंवा इंग्लंडात टेम्स नदीवर काठीने रेटायची होडी घ्या, दोन्हींचे तळ सपाटच. उथळ, संथ पाणी जिथे जिथे आहे, तिथे तिथे माणसाची अक्कल या एकाच आकाराशी येऊन थांबली.

शिक्षक बंधुभगिनींनी इथे एक सोपे गणित वर्गात घालावे. समजा, नाव ४ मीटर लांब आणि १ मीटर रुंद आहे. दोन्ही टोके निमुळती, म्हणून तळ भरला ३ चौरस मीटर. ही नाव एक सेंटिमीटर खाली गेली की ३० लिटर पाणी बाजूला सारते, आणि ३० लिटर पाणी म्हणजे ३० किलो वजन. नावेचे स्वतःचे वजन १२० किलो धरले तर ती ४ सेंटिमीटर बुडेल. साठ-साठ किलोची चार माणसे बसली की आणखी ८. एकूण झाले १२ सेंटिमीटर, म्हणजे अर्ध्या विताच्या आसपास. एवढ्याशा पाण्यावर चार माणसे तरंगतात! हे सपाट तळाचे मोठेपण. या गणिताची दुसरी बाजू आहे, तिच्याकडे आपण शेवटी येऊ.

घडणही अशीच साधी. समुद्रावरच्या होडीला बाक दिलेली लाकडे लागतात, पिढीजात कारागीर लागतो. सपाट नावेला नांगर, कुळव, बैलगाडी करणारा सुतार पुरतो. आधी दोन लांब फळ्या उभ्या धरायच्या, मधोमध एक आडवा साचा घालायचा, आणि फळ्यांची टोके दोरीने आवळीत जवळ आणायची. फळ्या वाकतात नि नावेचा घाट आपोआप दिसू लागतो. टोकाला जाड लाकडाचा ठोकळा देऊन त्या त्यावर जखडायच्या. आत बाभळीच्या फासळ्या बसवायच्या. बाभूळ चिवट, गाडीच्या चाकालाही तीच लागते. मग नाव पालथी घालून तळाच्या फळ्या ठोकायच्या. त्या आडव्या ठोकल्या तर लांब फळीची गरज पडत नाही, हातभर-दोन हात तुकडेही कामी येतात. गरिबाच्या घरी नाव होते ती अशी.

लाकूड सागाचे मिळाले तर सोन्याहून पिवळे. आंब्याची फळी स्वस्त, पण लवकर कुजते. फटींत कापसाची पिळलेली वात ठोकून घालायची, वरून राळ नि तेल कढवून लेप द्यायचा. हल्लीच्या काळात त्या जागी डांबर आले. मग नाव पाण्यात सोडली की पहिला दिवस-दोन दिवस ती थोडी पाझरतेच. घाबरायचे कारण नाही. लाकूड पाणी पिऊन फुगते आणि फटी आपणहून मिटतात. म्हणूनच जुने नावाडी उन्हाळ्यात नाव उन्हात उघडी टाकीत नसत, झाकून ठेवीत किंवा पाण्यात बुडवून ठेवीत. बरोबर एक लांब वेळू, एक-दोन वल्ही, आणि पाणी उपसायला एक डबा. झाला संसार!

ही विद्या सांभाळली ती मुख्यतः कोळी समाजाने. नदीकाठच्या गावगाड्यात कोळ्याकडे पाण्याचे काम असे. पाणी भरणे, मासे धरणे, आणि पूर आला की माणसे पार करणे. पंढरपुरात तर चंद्रभागा नि कोळी यांचे नाते देवळापर्यंत पोचले आहे. वाळवंटातल्या पुंडलिकाच्या देवळातील पूजेचा मान कोळी समाजाकडे आहे. घाटावरून पलीकडच्या तीरावर, आणि खालच्या अंगाला गोपाळपूर-विष्णुपदाकडे यात्रेकरूंना नेणाऱ्या नावा त्यांच्याच. मार्गशीर्ष महिन्यात विठुराया विष्णुपदावर राहायला जातो, अशी श्रद्धा आहे, तेव्हा तर या नावांना उसंत नसते. संतांनी नाव, नावाडी नि पैलतीर हे शब्द परमार्थाला लावले, ते कुठल्या पोथीतून उचलले नव्हते. वारीला आलेल्या माणसाला ते रोज डोळ्यांसमोर दिसत होते. ज्याच्या हाती वेळू, त्याच्या हाती आपला जीव, हे कळायला पंडित असावे लागत नाही.

इंग्रजी अमलात या तरींवर सरकारची नजर गेली. १८६८ साली मुंबई इलाख्यात तरींचा नि नदीवरील नावांचा कायदा झाला. सार्वजनिक तर कोणती, तिचा मक्ता कुणाला, उतारूंकडून दर किती घ्यायचा, हे कागदावर आले. पण त्याच सुमारास नावेचा मोठा प्रतिस्पर्धी जिल्ह्यात शिरला होता. १८६० मध्ये आगगाडी सोलापूरला पोचली. मग रस्ते झाले, पूल झाले. जिथे पूल झाला, तिथली नाव हळूहळू काठावर पालथी पडली. पंढरपूरचा जुना दगडी पूल मोठ्या पुरात पाण्याखाली जातो, तेव्हा कोळ्यांच्या नावेची आठवण होते. एरवी कोण विचारतो?

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात असे वाटू लागले होते की भीमेवरच्या नावेची गोष्ट संपली. पण इतिहास मोठा चमत्कारिक असतो. ज्या धरणाने नदी अडवली, त्याच धरणाने नावेला पुन्हा जन्म दिला.

माढा तालुक्यात उजनीला भीमेवर धरण झाले. ते १९८० मध्ये पुरे झाले. सुमारे ११७ टीएमसी पाणी साठवणारा हा यशवंतसागर. त्याने सोलापूरच्या कोरड्या शिवारात ऊस उभा केला, शहरांना पाणी दिले. त्याच वेळी करमाळा, माढा, इंदापूर, दौंड, कर्जत या तालुक्यांतली काळी जमीन, गावे, देवळे, रस्ते पाण्याखाली गेले. इंदापूर तालुक्यातील पळसदेवचे जुने देवालय पाणी फार उतरले की अजून वर डोकावते, आणि माणसे बघायला धावतात.

जी दोन गावे एकमेकांना हाक मारण्याच्या अंतरावर होती, त्यांच्यामध्ये आता पाण्याचा पसारा आला. सोयरीक पलीकडे, दवाखाना पलीकडे, बाजार पलीकडे, आणि रस्त्याने जावे तर लांबचा वळसा. मग काय करणार? नावा आल्या. मासेमारीही वाढली. भिगवण-कुंभारगावच्या बाजूला हिवाळ्यात रोहित पक्षी उतरू लागले, त्यांना पाहायला येणाऱ्यांसाठीही नावा चालू लागल्या. लाकडाच्या जागी पत्रा नि फायबर आले, वेळूच्या जागी इंजिन आले. तळ मात्र पुष्कळ ठिकाणी तसाच सपाट राहिला. आणि इथेच मंडळी, नीट कान देऊन ऐकण्याची गोष्ट आहे.

नाव तीच राहिली, पण पाणी बदलले. नदी अरुंद असते. वारा सुटला तरी लाटेला मोठे व्हायला जागा मिळत नाही. लाटेची उंची तीन गोष्टींवर ठरते. वाऱ्याचा जोर किती, तो किती वेळ वाहिला, आणि मोकळ्या पाण्यावरून किती अंतर धावला. उजनीच्या फुगवट्यावर वाऱ्याला मैलोगणती रान मोकळे आहे. वळवाच्या दिवसांत, वैशाख-ज्येष्ठाच्या संध्याकाळी, आभाळ भरून येते नि घटकाभरात वावटळ उठते. तिथे सपाट तळाचा गुण तोच दोष होतो. शांत पाण्यावर सपाट नाव मुळीच डगमगत नाही. पण लाट आली की पाणी जसे कलते तशी ती कलते, कारण ती पाण्याला अंग चिकटवून बसलेली असते. आत थोडे पाणी शिरले की ते सारे कललेल्या बाजूला धावते आणि नाव आणखी कलते. भ्यालेली माणसे उठून उभी राहतात, एका अंगाला सरकतात. मग उरते काय?

आता ते मघाचे गणित पुरे करू. नावेची बाजू ४० सेंटिमीटर उंच आहे असे धरा. चार माणसे असताना ती १२ सेंटिमीटर बुडाली होती. म्हणजे पाण्यावर २८ सेंटिमीटर काठ शिल्लक. आता तिच्यात दहा माणसे बसवा. सहाशे किलो माणसे, एकशेवीस किलो नाव, मिळून सातशेवीस. तीसने भागा. नाव २४ सेंटिमीटर बुडाली, नि वर काठ उरला अवघा १६. नदीवर तेवढ्याने निभावून जाईल. उजनीवर वारा सुटला तर वीतभर लाट सहज उठते, आणि ती सरळ आत येते.

२१ मे २०२४ रोजी संध्याकाळी करमाळा तालुक्यातील कुगाव येथून इंदापूर तालुक्यातील कळाशीकडे निघालेली बोट वादळी वाऱ्यात सापडून उलटली. बोटीत सात माणसे होती. एक जण पोहत काठाला लागला. सहा जणांचा जीव गेला, त्यांत लहान मुले होती. रोजच्या वहिवाटीची वाट, ओळखीचे पाणी, आणि दहा-पंधरा मिनिटांचे वादळ. शिरसोडी ते कुगाव असा पूल आता मंजूर झाला आहे. तो होईल तेव्हा तिथली नाव पुन्हा एकदा काठावर पालथी पडेल, आणि पडू द्यावी. पण सगळ्याच गावांच्या मध्ये पूल होणार नाही. नाव राहणारच. मासेमाऱ्यांचे तर तेच शेत.

तेव्हा या इतिहासातून घ्यायचे काय? जुन्या नावाड्याकडे दोन विद्या होत्या. एक नाव घडवण्याची, आणि दुसरी केव्हा नाव सोडायची नाही, हे ओळखण्याची. पहिली विद्या आपण पत्र्याने नि इंजिनाने भागवली. दुसरी मात्र कुणी विकत देत नाही. पश्चिमेला काळे आभाळ दिसले, वारा एकाएकी पडला, पाखरे काठाला आली, की नाव बांधून ठेवायची, मग उतारू कितीही घाई करोत.

कायदाही आपल्या बाजूला आहे. जुना कायदा मोडीत काढून देशाने २०२१ मध्ये अंतर्देशीय जलयानांचा नवा कायदा केला. नोंदणी, तपासणी, जीवरक्षक साधने यांची तरतूद त्यात आहे. पण कायदा काठावर उभा राहून माणसे मोजीत नाही. ते आपणच करायचे. इंग्लंडात सॅम्युअल प्लिमसॉल नावाच्या एका खासदाराने लोभी जहाजमालकांशी वर्षानुवर्षे झगडा मांडला, कारण ते जहाजे बेसुमार भरीत आणि खलाशी बुडत. १८७६ साली तिथे कायदा झाला की प्रत्येक जहाजाच्या बाजूवर भाराची रेघ असलीच पाहिजे. ती पाण्याखाली गेली की जहाज जास्त भरले, हे शेंबड्या पोरालाही दिसते. आपल्या अंगणातल्या नावेवर ही रेघ मारायला खर्च किती? एक ब्रश आणि वाटीभर पांढरा रंग.

शिक्षकांनी हे मुलांना शाळेतच दाखवावे. पाण्याच्या पिंपात एक परात सोडा. तीत एकेक वजन ठेवा नि दर वेळी ती किती बुडते ते पट्टीने मोजा. मग परातीत दोन पेले पाणी ओता आणि बोटाने जरा कलवा. आतले पाणी कसे धावते नि परात कशी पालथी होते, ते मुलांनी एकदा डोळ्यांनी पाहिले की जन्मभर विसरणार नाहीत. भूगोल, गणित, इतिहास, तिन्ही तास एका परातीत होतील. उजनीच्या काठच्या शाळेत तर हा पाठ पाढ्यांइतकाच गरजेचा आहे. उद्या त्यातलाच एखादा मुलगा नावेत पाय ठेवताना पांढरी रेघ पाहील, ती पाण्याखाली गेलेली दिसेल, आणि म्हणेल, “काका, दोघं जण पुढच्या खेपेला या.”

तेवढे जरी झाले, तरी भीमेच्या नावेचा हा इतिहास सांगितल्याचे सार्थक झाले असे मी समजेन.